वाघिणीची प्रतिकृती : एक छंद, एक अभ्यास

(लोणंद येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठी पडली असेल. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून परीक्षा, शिष्यवृत्ती, नोकरी यांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते; आणि मी बोलणार आहे ते रेल्वेच्या मालडब्याची लहानशी, पुठ्ठ्याची प्रतिकृती कशी करावी याविषयी. इंग्रजी ‘वॅगन’ची आपल्या लोकांनी केव्हाच ‘वाघीण’ करून टाकली आहे. ती घरगुती वाघीणच मीही वापरणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. बाजारात मिळणारी चावीची अगर बॅटरीची गाडी हे खेळणे आहे. ते वाईट नाही. लहान मुलाने त्याच्याशी जरूर खेळावे. परंतु खेळण्याला कोणी प्रश्न विचारत नाही. प्रतिकृतीला मात्र पहिलाच प्रश्न विचारला जातो, “ही कोणत्या सालची?” या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येते त्याची प्रतिकृती खरी, ज्याला येत नाही त्याचे रंगकाम कितीही सुबक असो, ते खेळणेच. हौशी मंडळी पुष्कळदा आधी डबा तयार करतात आणि मग त्याला साल शोधत बसतात. माझे सांगणे उलट आहे. आधी साल ठरवा, मग कात्री हातात घ्या.

साल इतके महत्त्वाचे का, हे आपल्या लोणंदच्या स्टेशनावरूनच पाहू. पुण्याहून जेजुरी, नीरा, लोणंद, सालपे, आदर्की, वाठार असा जाणारा हा लोहमार्ग सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने १८८० नंतरच्या दशकात घातला. तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर. १९०८ साली ती कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये हा मार्ग दक्षिण रेल्वेत आला आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेला. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, म्हणजे अंतर १६७६ मिलिमीटर. आज तो मध्य रेल्वेत आहे, आणि २०१९ पासून लोणंदहून फलटणला फाटाही गेला आहे. म्हणजे स्टेशनाचे नाव तेच, गाव तेच. पण १९४०, १९६० आणि १९९० या तीन सालांत येथे उभी राहणारी वाघीण तीन वेगळ्या जातींची. १९६० च्या लोणंदच्या देखाव्यात ब्रॉडगेजचा डबा उभा केला, तर तो शिवाजी महाराजांच्या चित्रात मनगटी घड्याळ काढण्यासारखा प्रकार होय.

हा फरक डोळ्यांना कोठे दिसतो? डब्याच्या टोकाकडे पाहा. मीटरगेजच्या वाघिणीला टोकाच्या मधोमध एकच बफर असतो आणि त्याच्यातच जोडणीचा आकडा. ब्रॉडगेजच्या जुन्या चारचाकी वाघिणीला दोन बाजूंना दोन गोल बफर, आणि मध्ये स्क्रू फिरवून आवळायची साखळी. आणि हल्लीच्या लांब, आठचाकी वाघिणीला बाजूचे बफर नाहीतच. मध्ये मुठीसारखी पकड, जी दुसऱ्या मुठीत आपोआप अडकते. ही तीन तोंडे ज्या मुलाने ओळखली, त्याला जुन्या छायाचित्राचा काळ अदमासाने सांगता येतो. छायाचित्राखाली काहीही लिहिलेले असो. बफर खोटे बोलत नाहीत.

डब्यावरच्या अक्षरांचेही तसेच. कंपनीच्या काळात कंपनीची आद्याक्षरे, पुढे विभागीय रेल्वेची. मात्र येथे एक गंमत आहे. वाघिणी या सामायिक असत. माल जेथे जाईल तेथे वाघीण जाई, आणि तेथून तिला दुसरा माल मिळेल तिकडे पाठवीत. म्हणून लोणंदला थांबलेल्या मालगाडीत सगळे डबे एकाच रेल्वेचे असणे हेच अस्वाभाविक. प्रवासी गाडीची प्रतिकृती एकसारखी दिसली तर चालते. मालगाडीची तशी दिसली की समजावे, करणाऱ्याने मालगाडी नीट पाहिलेली नाही.

सुमारे २००३ पासून वाघिणींना अकरा आकडी क्रमांक देण्यात येऊ लागला. त्यातले पहिले दोन आकडे प्रकार सांगतात (बंद डब्यांसाठी ३० ते ३९), पुढचे दोन मालक रेल्वे, नंतरचे दोन बांधणीचे साल, मग चार आकडे त्या डब्याचे स्वतःचे, आणि अकरावा आकडा पडताळ्याचा. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी हा पडताळा करून पाहावा. समजा, पहिले दहा आकडे ३१०१९५४३२१ असे आहेत. समस्थानचे, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा व दहावा आकडा घ्या : १, १, ५, ३, १. बेरीज ११, तिची तिप्पट ३३. विषमस्थानचे ३, ०, ९, ४, २, बेरीज १८. दोन्ही मिळून ५१. पुढची पूर्ण दहाई ६०. साठाला कमी पडतात ९, म्हणून अकरावा आकडा ९. स्टेशनावर उभे राहून धावत्या मालगाडीतील एका डब्याचा क्रमांक टिपा आणि घरी येऊन ताळा करा. प्रतिकृतीवर मनाला येईल तो क्रमांक टाकणाऱ्याची लबाडी असा शाळकरी मुलगाही पकडू शकतो.

आता मापाकडे वळू. परदेशी संच पुष्कळदा १ : ८७ या प्रमाणाचे असतात आणि त्यांचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. हे त्यांच्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला जुळते. आपला ब्रॉडगेज त्याच प्रमाणात उतरवला तर १६७६ भागिले ८७, म्हणजे सुमारे १९.३ मिलिमीटर रुळांचे अंतर हवे. भारतीय डबा १ : ८७ ने करून परदेशी रुळावर ठेवला, की चाके आत दबलेली दिसतात, धष्टपुष्ट माणसाला लहान मुलाच्या चपला घातल्यासारखी. यावर सोपा मार्ग १ : १०० हे प्रमाण घेण्याचा. ब्रॉडगेज १६.७६ मिलिमीटर येतो आणि १६.५ च्या रुळावर डोळ्यांना फरक कळत नाही. शिवाय भागाकार सोपा. बीसीएन ही आजची ओळखीची बंद वाघीण सांगाड्याच्या टोकापासून टोकापर्यंत १४.५ मीटर आहे. प्रतिकृती १४५ मिलिमीटरची. चाक १ मीटर व्यासाचे. प्रतिकृतीत १० मिलिमीटर. दहावीच्या मुलाने कागदसुद्धा न घेता हे करावे.

ज्यांना डबा चालवायचा नाही, नुसता कपाटावर मांडायचा आहे, त्यांनी १ : ५० घ्यावे. पुठ्ठ्यात काम करायला हे प्रमाण मोठे सोयीचे. आणि त्यासाठी पहिला डबा म्हणून मी एक खास आपल्या भागातला सुचवितो. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे ही नॅरोगेज होती, अडीच फुटांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती आखली. पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९२७ मध्ये ती मिरजेला पोचली. या माणसाचे डोके मोठे हिशेबी होते. त्याने ठरवले, की कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको, म्हणजे हलके रूळ पुरतील; आणि मालडब्यांचा खालचा सांगाडा सर्वांना एकच, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा, २५ फूट लांब व ७ फूट रुंद. वर बंद डबा बसवा, उघडा बसवा, खाली सांगाडा तोच. विद्यार्थी मित्रहो, आपल्यासाठी ही सोय केवढी पाहा. एकच सांगाडा नीट करायला शिकलात, की त्या रेल्वेचे अनेक डबे तुमच्या हातात आले. १ : ५० ने लांबी साधारण १५२ मिलिमीटर, रुंदी ४३, आणि रुळांचे अंतर १५ मिलिमीटरच्या किंचित वर. लांबी ही रुळांच्या अंतराच्या बरोबर दहापट आहे, हेही ध्यानात ठेवा. छायाचित्र तपासताना उपयोगी पडते.

१९७१ नंतर मिरज स्टेशनात तिन्ही रूळ एकत्र आले होते. पुण्याकडून ब्रॉडगेज, बेळगावकडून मीटरगेज, पंढरपूरकडून नॅरोगेज. एका डब्यातले पोते दुसऱ्या डब्यात माणसाच्या पाठीवरूनच जाई. १९९० च्या दशकात मीटरगेज गेला, २०१० च्या सुमारास नॅरोगेजही, आणि ते पाठीवरचे कामही त्यांच्याबरोबर संपले. या कामाची छायाचित्रे फार थोडी. इंजिनाची छायाचित्रे पुष्कळ निघाली. वाघिणीची कोण काढणार, आणि हमालाची त्याहून कोण काढणार?

म्हणून या छंदात घरातील वृद्ध माणसे हा मोठा आधार आहे. माझ्या परिचयातील नववीतील एका मुलीने मीटरगेजच्या बंद वाघिणीची प्रतिकृती करायला घेतली. लांबी-रुंदीचा अदमास तिला छायाचित्रावरून आला, पण दाराची उंची कोठे मिळेना. चित्रात दारापुढे माणसे उभी होती. तिचे नाना तरुणपणी मालधक्क्यावर हमाल होते. त्या कामाविषयी ते घरी कधी बोलत नसत. मुलीने विचारले, “नाना, डब्याचं दार केवढं होतं?” नाना म्हणाले, “मला काय ठाऊक बेटा, मी काय टेप घेऊन गेलो होतो?” मग थोडा वेळ गप्प बसले, उठून उभे राहिले आणि म्हणाले, “रिकामा आत जायचो तेव्हा सरळ जायचो. पोतं असलं की मान अशी घालावी लागायची.” मुलीने त्यांना भिंतीशी उभे केले. सरळ उभे असतानाची उंची खडूने खूण करून घेतली. मग मानेवर उशी ठेवून दुसरी खूण. दार या दोन खुणांच्या दरम्यान! पुढे एक मोकळे छायाचित्र मिळाले, त्यावरून काढलेला आकडाही या दोन खुणांच्या आतच बसला.

त्या दिवसापासून नाना रोज एक-एक गोष्ट आठवून सांगू लागले. पोती दारासमोर सरळ रचीत नसत, आधी दोन्ही टोकांकडे भरत येत. दार बंद झाल्यावर तार ओवून शिशाचे सील दाबीत. डब्याच्या कडेला लेबल अडकवायची पत्र्याची चौकट असे आणि तिच्या शेजारी खडूने काहीबाही लिहिलेले. मजुरी पोत्यामागे मिळे. मुलीने सील, चौकट आणि खडूचे अक्षर तिन्ही प्रतिकृतीवर घेतले. नाना चष्मा लावून तो डबा हातात फिरवून पाहत होते, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणाले, “कडी उलट्या बाजूला लागली.” तिने ती काढून पुन्हा लावली.

पालकांना येथे एक विनंती आहे, आणि ती कळकळीची आहे. माप घेण्यासाठी मुलांना रुळावर किंवा यार्डात जाऊ देऊ नका. ते धोक्याचे आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे. उभी वाघीण केव्हा हलेल ते सांगता येत नाही, आणि हलताना ती आवाज करीत नाही. फलाटावरून काढलेले एक चांगले छायाचित्र पुरेसे असते. त्यातून माप कसे काढायचे ते सांगतो. डब्याचे टोक अगदी समोरून दिसेल असे चित्र घ्या. चित्रात टोकाच्या चाकांखालच्या दोन रुळांमधले अंतर पट्टीने मोजा. समजा, ते ४० मिलिमीटर भरले. खरे अंतर १६७६. म्हणजे चित्रातील एक मिलिमीटर बरोबर प्रत्यक्षातील सुमारे ४२ मिलिमीटर. त्याच चित्रात रुळापासून छपरापर्यंत ९० मिलिमीटर भरले, तर डब्याची उंची सुमारे ३.७७ मीटर. अट एवढीच, की मोजायची वस्तू आणि रुळाचा तो भाग कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. डब्याची लांबी या चित्रावरून काढू नये. तिच्यासाठी बाजूचे चित्र वेगळे. प्रत्यक्ष जुने डबे पाहायचे असतील तर दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, १९७७ मध्ये उघडलेले. जवळचे म्हणाल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली सुरू केलेले लहान रेल्वेगाड्यांचे संग्रहालय जरूर पाहावे. तेथे चालत्या प्रतिकृतींचे संपूर्ण शहर आहे. मुले गाड्या पाहतील. तुम्ही जोडणी, सिग्नल आणि सफाई पाहा.

साहित्याला खर्च नाही म्हटले तरी चालेल. लग्नपत्रिकेचा जाड कागद हा उत्तम पत्रा होय, आणि आपल्या घरांत लग्नपत्रिकांना तोटा नाही. स्टीलची पट्टी, धारदार कटर, फेव्हिकॉल, अगरबत्तीच्या काड्या, संपलेल्या रिफिलची नळी. रिव्हेट उठवण्यासाठी कागद उलटा करून जुन्या वहीवर ठेवावा आणि शाई संपलेल्या बॉलपेनाने पट्टीच्या आधाराने समान अंतरावर हलकेच टोचावे; पुढून बारीक फुगवटे येतात. येथे हात घाई करतो. एका बाजूला शंभर रिव्हेट असतील आणि नव्वदावा वाकडा गेला, तर नवा कागद घ्यावा. मेंदीचा कोन स्थिर धरणाऱ्या आमच्या मुली या कामात मुलांच्या पुढे असतात, असे मी पाहिले आहे. मुलांनीही मनावर घ्यावे.

रंग लोखंडाला लावायच्या रेडऑक्साइडचा, त्यात चिमूटभर काळा. नंतर जुनेपणा आणावा, पण विचाराने. वाघिणीच्या अंगावर तिचे रिकामे वजन, माल किती मावतो, मोठी दुरुस्ती कोठे व केव्हा झाली आणि पुन्हा कारखान्यात केव्हा परतायचे, हे सारे रंगवलेले असते. तुम्ही दुरुस्तीची तारीख मागच्याच महिन्याची लिहिली आणि डबा गंजाने खाल्लेला दाखवला, तर एक काहीतरी खोटे आहे. धूळ नेहमी खालून वर जाते, चाकांपासून. आदर्कीचा घाट चढून आलेल्या वाफेच्या काळातील डब्याच्या छपरावर काजळी हवी. आजच्या डब्यावर ती कोठून येणार?

आणि डब्यात माल कोणता? या मार्गावर स्टेशनाप्रमाणे माल बदले. लोणंदचा कांदा, सांगलीची हळद, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची काच आणि कंदील, किर्लोस्करवाडीचे नांगर. कांद्याला हवा लागते. त्याची गोणी विरळ विणीची, आणि रचताना फटी ठेवलेल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात लासलगावहून दिल्लीला सुमारे १६०० टन कांदा एकाच मालगाडीने गेला. तुमच्या प्रतिकृतीचे दार अर्धे उघडे ठेवणार असाल, तर आत काय दिसते त्याचा विचार आधी करा. काचेच्या मालाभोवती पेंढा हवा. हळदीच्या डब्याची फळी पिवळी पडलेली हवी.

किर्लोस्करवाडीचे नाव आले म्हणून सांगतो. तो कारखाना १९१० मध्ये या मार्गावरील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर सुरू झाला. तो काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवीत. वस्तू तीन बाजूंनी कागदावर उतरवणे, हे त्यांचे शिकवण्याचे काम होते. वाघिणीची प्रतिकृती करणारे मूल नेमके तेच करते : समोरून, बाजूने, वरून. आयटीआयला फिटर किंवा ड्राफ्ट्समनच्या वर्गात जाणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात याच तीन आकृत्या चकवतात. ज्याने घरी एक डबा केला आहे, त्याला त्या चकवणार नाहीत. “याला परीक्षेत गुण किती?” असे विचारणाऱ्या पालकांना माझे उत्तर, शून्य. पण आठवड्यातून रविवारचे दोन तास द्या, आणि डबा पूर्ण व्हायला तीन महिने लागले तरी मध्ये टोकू नका.

शेवटचे काम पुष्कळ जण करीत नाहीत, आणि मला ते रंगाहून महत्त्वाचे वाटते. डबा पूर्ण झाला की उलटा करावा आणि पोटाला एक चिठ्ठी चिकटवावी. त्या मुलीने चिकटवलेली चिठ्ठी अशी आहे : “मीटरगेज बंद वाघीण. लोणंद, १९६८. प्रमाण १ : ५०. लांबी व रुंदी छायाचित्रावरून. दाराची उंची नानांच्या मानेवरून. कडीची बाजू नानांनी सांगितली. छपराचा गोलावा अंदाजाने. चित्र मिळाल्यास बदलावा.”

चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. शाई फेव्हिकॉलने पसरते.